विहिरीने निवडलेली झाडे

वऱ्हाडात घराच्या अंगणात किंवा परसात कोणते फळझाड लावावे, हा प्रश्न आज आवडीचा आणि रोपांच्या दराचा वाटत असला, तरी नळ येण्यापूर्वी त्याचा निकाल बहुतांशी गावच्या विहिरीने लावलेला असे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, म्हणजे भूजलच क्षारयुक्त असलेला गाळाचा प्रदेश, पसरला आहे. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडील अशा गावांत पावसावर तगणारी आणि क्षार सोसणारी बोर व चिंच हीच झाडे भरवशाची ठरली, आणि त्यांतही चिंच भुताखेतांच्या समजुतीमुळे घरापासून दूरच राहिली.

सातपुड्याच्या पायथ्याशी, गोड्या पाण्याच्या वरूड-मोर्शी भागात, इतिहास वेगळा घडला. नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांनी औरंगाबादहून संत्र्याची झाडे आणवून स्वतःच्या बागेत लावली, अशी परंपरा सांगते. ती ग्राह्य धरल्यास हे फळ आरंभी राजघराण्याच्या परसातले होते. १८०३ मध्ये देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला, १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. पण या राजकीय सीमेला झाडांनी फारसे जुमानले नाही, आणि पुढे पूर्वेकडील काटोल-नरखेडप्रमाणेच पश्चिमेकडील वरूड-मोर्शीतही संत्राच रुजला.

मात्र रुजला तो शेतात, आणि त्याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. संत्र्याला ताण द्यावा लागतो, म्हणजे काही आठवडे पाणी तोडून झाडाची वाढ थांबवावी लागते, तेव्हा कुठे बहार एकवट धरतो: हिवाळा सरताना फुलणारा तो आंबिया आणि पावसाच्या आरंभी फुलणारा तो मृग. परसात न्हाणीचे व भांड्यांचे सांडपाणी रोज मुळाशी मुरत असल्याने असा ताण देणे शक्य नसते, शिवाय सतत ओल्या काळ्या जमिनीत डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक स्रवणारा बुरशीजन्य रोग, बळावतो. म्हणूनच जंबेरीच्या, म्हणजे जाड सालीच्या रानटी लिंबाच्या, खुंटावर डोळा भरून केलेली संत्र्याची कलमे निचऱ्याच्या शेतजमिनीकडे गेली. शेंदुरजनाघाट हे गाव तर अशा कलमांच्या रोपवाटिकांसाठीच ओळखले जाऊ लागले. पाणी गोडे असेल तेथे न्हाणीशेजारची जागा कागदी लिंबू, पपई आणि केळीकडे राहिली. लिंबाचा बहार विस्कळीत झाला तरी घराला वर्षभर दोन-चार लिंबे मिळणे एकदम शंभर मिळण्यापेक्षा सोयीचेच होते.

विहिरीचा हा अधिकार धरणांनी सैल केला. अकोला शहर महान येथील काटेपूर्णेचे, तर अमरावती सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी पिऊ लागले, आणि खारपाणपट्ट्यातल्या अंगणातही आंबा-पेरू लावण्याची उमेद आली. उलट गोड्या पाण्याच्या वरूड-मोर्शीत बागांसाठी झालेल्या उपशाने भूजल इतके खोल गेले, की विहिरींमागून कूपनलिका खणूनही अनेक बागा उन्हाळ्यात वाळू लागल्या.