लिंकनची झोपडी आणि फिन लोकांची कुऱ्हाड

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गाडी घेऊन ॲपलेशियन डोंगरांच्या दिशेने निघालं की वाटेत पायोनियर म्युझियमं लागत जातात, आणि जवळपास प्रत्येकात एक झोपडी असतेच. आडवे ओंडके एकावर एक रचलेले, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले, फटींत चिकणमाती, एका भिंतीला दगडी धुराडं. सरहद्दीवर जंगल तोडत पुढे सरकणाऱ्या वसाहतकारांचं हे घर, म्हणजे अस्सल अमेरिकन, अशी सर्वसाधारण समजूत. माझं म्हणणं असं की या झोपडीचं मूळ अमेरिकेत नाही, इंग्लंडात नाही, जर्मनीतही नाही. ते फिनलंडच्या सावो भागातल्या जंगलात आहे, आणि तिथून ते केंटकीतल्या लिंकनच्या जन्मस्थानापर्यंत कोणत्या वाटेने गेलं हे आजही गाडीने जाऊन पाहता येतं.

प्रसिद्ध टप्पे एका दमात उरकतो. १८४०च्या निवडणुकीत व्हिग पक्षाने विल्यम हेन्री हॅरिसन यांना झोपडीतला माणूस म्हणून मिरवलं. प्रत्यक्षात त्यांचा जन्म व्हर्जिनियातल्या विटांच्या हवेलीतला. १९२० साली जॉन लॉइड राइट यांनी ‘लिंकन लॉग्ज’ या खेळण्याचं पेटंट घेतलं आणि झोपडी मुलांच्या हातात आली. १६२० साली प्लिमथला उतरलेले पिल्ग्रिमही अशाच घरांत राहिले, असं एकोणिसाव्या शतकातले चित्रकार रंगवत. ते हॅरल्ड शर्टलेफ यांच्या १९३९ सालच्या ‘द लॉग केबिन मिथ’ या पुस्तकाने खोडून काढलं. इंग्लिश माणूस लाकडी चौकट उभारून तिला फळ्या ठोकायचा. ओंडके आडवे रचून भिंत करणं त्याच्या परंपरेतच नव्हतं. इंग्लंडचा दावा तिथे निकाली निघाला.

मग ही विद्या आणली कोणी? १६३८च्या मार्चमध्ये ‘कालमार निकेल’ आणि ‘फोगेल ग्रिप’ ही दोन जहाजं लेनापी लोकांच्या मुलखात, डेलावेअर नदीच्या एका फाट्यात शिरली. ती उतरली तिथे आज विल्मिंग्टन शहर आहे आणि धक्क्याजवळ शिल्पकार कार्ल मिलेस यांचं काळ्या ग्रॅनाइटचं स्मारक आहे. ही ‘न्यू स्वीडन’ वसाहत सतरा वर्षं टिकली; १६५५ मध्ये डचांनी ती घेतली. माणसं काही शेकडाच. वसाहत स्वीडनची असली तरी तिच्यात फिन लोकांचा वाटा मोठा होता, कारण फिनलंड तेव्हा स्वीडनच्याच राज्यात होतं.

हे फिन कोण, हे नीट समजून घेतलं पाहिजे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सावो भागातली कुटुंबं स्वीडनमधल्या वेर्मलांडसारख्या जंगली प्रदेशांत येऊन वसत होती. त्यांची शेती म्हणजे आपल्या सह्याद्रीतली कुमरीच: झाडं तोडायची, वाळू द्यायची, पेटवायची, राखेत राय पेरायची आणि जमीन थकली की पुढचं रान धरायचं. पुढे स्वीडनच्या लोखंडाच्या भट्ट्यांना कोळशासाठी तेच लाकूड हवं झालं आणि जंगल जाळणारा फिन गुन्हेगार ठरला. बंदी मोडणाऱ्या काहींना शिक्षा म्हणून थेट अमेरिकेला धाडण्यात आलं. म्हणजे कुऱ्हाड आणि आग यांवर जगणारी, एका जागी फार न रमणारी, दाट जंगलात एकटं घर करून राहायची सवय असलेली माणसं सरकारी खर्चाने दाट जंगलात पोहोचवली गेली. त्यांना तिथे नव्याने काही शिकावं लागलं नसणार.

त्यांच्या घराचं वर्णन एका डच प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. १६७९च्या नोव्हेंबरात जॅस्पर डँकार्ट्स हा लाबादिस्ट पंथाचा माणूस डेलावेअरच्या काठाने निघाला होता. एका रात्री तो इंग्लिश पद्धतीच्या फळ्यांच्या घरात राहिला. वारा चहूकडून आत येत होता आणि शेकोटीला अगदी चिकटून बसल्याखेरीज ऊब नव्हती. दुसऱ्या मुक्कामाला मिळालेलं घर आकाराने तेवढंच होतं, पण ‘स्वीडिश तऱ्हेचं’. मधोमध चिरलेले किंवा ओबडधोबड तासलेले आख्खे ओंडके एकावर एक रचलेले, सगळ्या घरात एकही खिळा नाही, दार इतकं बुटकं की प्रत्येकाने वाकूनच आत जायचं, धुराडं कोपऱ्यात. आणि घर घट्ट, उबदार. थंडीत काकडलेल्या माणसाची ही साक्ष मला कोणत्याही वास्तुतज्ज्ञाच्या मतापेक्षा मोलाची वाटते. तिची तारीख तर त्याहून मोलाची आहे, ते पुढे येईलच.

आता जर्मन पक्ष. दीर्घकाळ अभ्यासकांचा कल त्यांच्याकडेच होता. १९६६ साली फ्रेड निफेन आणि हेन्री ग्लासी यांनी पूर्व अमेरिकेतल्या लाकडी घरांवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी या झोपडीचं श्रेय पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनांना दिलं. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटावा असा आहे. स्वीडनमध्ये ओंडका खालच्या ओंडक्यावर तंतोतंत बसेल असा कोरून काढतात, मध्ये शेवाळ दाबतात, फट म्हणून राहत नाही. अमेरिकन झोपडीत मात्र बोट जाईल एवढ्या फटी असतात आणि त्या लाकडाच्या ढलप्या व माती भरून बुजवलेल्या असतात. अशी फटींची भिंत मध्य युरोपात बोहेमिया-मोरेव्हियाकडे सापडते.

या मुद्द्याला उत्तर हवं असेल तर व्हर्जिनियात स्टॉन्टन इथल्या फ्रंटियर कल्चर म्युझियमला जावं. इथे वसाहतकारांच्या मूळ देशांतली जुनी घरं सोडवून, समुद्रापार आणून पुन्हा उभी केली आहेत. इंग्लंडच्या वूस्टरशरमधलं घर लाकडी चौकटीचं. उत्तर आयर्लंडच्या टायरोन परगण्यातलं घर दगडी भिंतींचं. जर्मन घर पाहा: तेही चौकटीचं, लाकडाच्या सांगाड्यात माती भरलेलं. पेनसिल्व्हेनियात आलेले जर्मन मुख्यतः ऱ्हाइनच्या खोऱ्यातले आणि त्या खोऱ्यातलं घर हे असं होतं. या आवारातून चालत अमेरिकन भागात आलं की १७४०च्या दशकाचं रूप दाखवणारी झोपडी समोर येते, ती आडव्या ओंडक्यांची. मागे पाहिलेल्या एकाही युरोपीय घरातून ती निघत नाही. कुळातला एक पूर्वज त्या आवारात गैरहजर आहे, आणि तो कोण हे मला तरी स्पष्ट दिसतं.

मोरेव्हियन लोकांकडे ही कला होती हे खरंच आहे. पण त्यांनी पेनसिल्व्हेनियात बेथलहेम गाव वसवलं १७४१ मध्ये. डँकार्ट्सने ‘स्वीडिश तऱ्हेच्या’ घरात रात्र काढली त्याला तोवर साठ वर्षं उलटून गेली होती. फटींचं कोडं टेरी जॉर्डन आणि मॅटी कॉप्स या दोन भूगोलतज्ज्ञांनी १९८९च्या ‘द अमेरिकन बॅकवुड्स फ्रंटियर’ या पुस्तकात सोडवलं, असं मी मानतो. निफेन-ग्लासी यांनी तुलना केली ती स्वीडनच्या चांगल्या, पक्क्या घराशी. जंगलात तात्पुरती वस्ती करणारा फिन माणूस गवताचा गोठा, धान्याचं कोठार किंवा पहिल्या हिवाळ्यापुरतं खोपटं बांधताना ओंडके कोरत बसत नसे. दोन-चार वर्षांनी जे सोडून जायचं, त्यावर कोण एवढी मेहनत घेणार?

शिवाय कोपऱ्यातली खाच. अनेक म्युझियमांतल्या झोपड्यांच्या कोपऱ्याशी उभं राहून पाहिलं तर ओंडक्याच्या टोकाची वरची बाजू घराच्या पाख्यांसारखी दोन्हीकडे उतरती तासलेली दिसते आणि वरच्या ओंडक्याच्या पोटाला तशीच उलटी खाच असते. वरचा ओंडका खालच्यावर स्वार होतो. पावसाचं पाणी सांध्यात न साचता बाहेर उतरतं, आणि हे सगळं करायला एक कुऱ्हाड पुरते; करवत नको, पटाशी नको. जॉर्डन-कॉप्स या खाचेचं मूळ उत्तर युरोपात नेतात. नागमोडी कुंपण आणि एका बाजूने उघडा आडोसा यांचंही तेच. ज्या उघड्या आडोशात लिंकन कुटुंबाने इंडियानातले सुरुवातीचे दिवस काढले असं सांगतात, तो फिनलंडच्या रानातल्या ‘लावू’चा भाऊबंद आहे. आडोशाबद्दल विरोधक म्हणतात की तो कुणालाही सुचेल. आडोसा सुचेल, पण खाच, कुंपण, आडोसा आणि जंगल जाळून केलेली शेती हे सगळं एकत्र एकाच नदीकाठी कसं सुचलं?

काही शेकडा माणसांची रीत अर्ध्या खंडावर कशी पसरली, हा खरा अवघड प्रश्न. त्याचं उत्तर मला पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत मिळालं, आणि याच दुव्यापायी हा सगळा खटाटोप आहे. स्कूलकिल नदीच्या काठी डग्लसव्हिल नावाचं गाव आहे. १७०१ साली न्यू स्वीडनच्या जुन्या घराण्यांना इथे जमीन मिळाली आणि मोर्लाटन ही त्यांची वस्ती उभी राहिली. त्यांच्यातल्या माउन्स जोन्स याचं १७१६चं दगडी घर आजही पाहता येतं. तिथून काही मैलांवर एक्झेटर टाउनशिप. तिथे १७३४ मध्ये डॅनियल बून जन्मला. तिथेच १७३३ मध्ये मॉर्डेकाय लिंकन याने घर बांधलं. हा अब्राहम लिंकन यांच्या आजोबांचा आजोबा. बून आणि लिंकन घराण्यांत सोयरीकही झाली. सरहद्दीच्या इतिहासातली ही दोन सर्वांत गाजलेली नावं स्वीडिश-फिनिश वस्तीच्या शेजारात वाढली.

पुढची वाट तर रस्त्यानेच जाते. मॉर्डेकायचा मुलगा जॉन १७६८ मध्ये शेनान्डोआ खोऱ्यात उतरला. बूनने १७७५ मध्ये कंबरलंड खिंडीतून केंटकीची वाट पाडली. जॉनचा मुलगा, थोरला अब्राहम, त्यानंतर काही वर्षांनी आपला संसार घेऊन केंटकीत गेला. उत्तर आयर्लंडहून आलेले हजारो लोकही न्यू कॅसल आणि फिलाडेल्फियालाच उतरत, म्हणजे जुन्या न्यू स्वीडनच्या उंबऱ्यावर, आणि याच वाटेने आत शिरत. दगडी घरांतून आलेल्या या लोकांनी जंगलात पहिल्यांदा जे घर पाहिलं तेच उचललं. संख्येने थोडे असूनही फिन लोक दाराशी उभे होते, त्यामुळे येणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे पाहूनच पुढे गेला, असा माझा ठाम तर्क आहे.

वाटेच्या शेवटी केंटकीत हॉजेनव्हिल. १९११ साली पूर्ण झालेलं ग्रॅनाइटचं भव्य स्मारक, छप्पन वर्षं जगलेल्या लिंकनसाठी छप्पन पायऱ्या, आणि आत झोपडी. ती मात्र लिंकन यांची नव्हे. ओंडके १८९७च्या नॅशव्हिल प्रदर्शनापासून गावोगाव मिरवले गेले, यादवी युद्धातले दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या म्हणून दाखवलेल्या झोपडीच्या ओंडक्यांत मिसळले, आणि स्मारकात लोकांना फिरायला जागा हवी म्हणून झोपडी आखूडही केली गेली. २००४ मध्ये ओंडक्यांतल्या वाढीच्या वलयांची तपासणी झाली तेव्हा सर्वांत जुना ओंडका १८४८चा निघाला. लिंकनचा जन्म १८०९चा. माझ्या कुळकथेला याने बाधा येत नाही. लाकूड उसनं असेल, रचना तीच आहे.

अशी घरं सोडवून, हलवून पुन्हा उभी करायची कल्पनाही उत्तर युरोपातलीच. आर्टुर हाझेलियुस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सन हे खुलं संग्रहालय सुरू केलं. त्यांनी त्यासाठी सर्वांत आधी, १८८५ मध्येच, मिळवलेलं घर दालार्नातल्या मोराचं, तेही ओंडक्यांचंच. स्टॉन्टनच्या म्युझियमने इंग्लंड, आयर्लंड आणि जर्मनीतल्या घरांसाठी हाच मार्ग धरला. वेर्मलांडच्या फिन जंगलात रितामाकी इथे धुराड्याविना बांधलेलं जुनं घर अजून उभं आहे. त्याची हुबेहूब प्रत स्टॉन्टनला, जर्मन घराच्या शेजारी बांधावी आणि येणाऱ्याने दोन्हींचे कोपरे पाहून, मग पुढच्या झोपडीचा कोपरा पाहून, कोण कुणाचं हे स्वतः ठरवावं.