पुडिंग, थरांचे

थरांचे पुडिंग : भट्टी किंवा ओव्हन न लावता, दुधाचे कस्टर्ड, बिस्किटे आणि फळांचा गर एकावर एक रचून थंडाव्याने घट्ट बसवलेला गोड पदार्थ. मुंबई-ठाणे पट्ट्यातील घरांत, त्यात भिवंडीतही, हा पदार्थ उन्हाळ्याच्या सुट्टीचा. माहेरी आलेल्या लेकी, आजोळी आलेली भाचरे, दुपारी पंधरा-वीस माणसांचे जेवण आणि अशा गर्दीत गॅससमोर कोणी उभे राहायचे, हा प्रश्न. तो प्रश्न हे पुडिंग आदल्या रात्रीच सोडवते. यात शिजवण्याचे काम जेमतेम वीस मिनिटांचे असते, उरलेले सगळे फ्रीज करतो.

या पदार्थाचे घटक दूरदूरचे आहेत. बर्मिंगहॅममधील औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीला अंडे सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८३७ साली मक्याच्या पिठाचे बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. एका बाईच्या पथ्यासाठी निघालेली ही पूड पुढे आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बिनबोभाट शिरली, ती याच गुणामुळे. पुण्यात १९५६ साली सुरू झालेल्या वेकफील्डच्या डब्याने ती किराणा दुकानाच्या फळीवर आणली. मारी बिस्किट लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीचे, १८७४ सालचे; रशियाच्या राजकन्या मारिया यांच्या विवाहानिमित्त काढलेले. पार्लेचा कारखाना १९२९ सालचा, विलेपार्ल्याचा. तेथे बिस्किटे १९३९ पासून होऊ लागली. भारतीय बनावटीचा पहिला फ्रीज गोदरेजने १९५८ साली काढला. मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात तो पोचायला मात्र पुढची दोन-तीन दशके जावी लागली आणि पुडिंगही त्याच्या मागोमागच आले.

भिवंडीत फ्रीज असून भागत नसे, त्याला वीज लागे. यंत्रमागांच्या या शहराने भारनियमनाची वर्षे चांगलीच सोसली आहेत. मे महिन्यात तासन्‌तास वीज नसली की माग थांबत आणि फ्रीजमधले दूधही नासे. जानेवारी २००७ मध्ये महावितरणने येथील वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी पद्धतीने सोपवले. पुडिंगच्या नोंदीत वीजकंपनीचे नाव काहींना खटकेल. पण सहा-आठ तास सलग गारवा मिळाल्याशिवाय जो पदार्थ उभाच राहत नाही, त्याचा इतिहास विजेच्या तारेला धरूनच सांगावा लागतो.

भिवंडीच्या पुडिंगात वरचा थर आंब्याचा. ‘हापूस’ला २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघर यांच्याबरोबर ठाणे जिल्हाही आहे, म्हणजे तालुक्यात पिकलेला हापूस कागदोपत्रीही हापूसच. तरी पुडिंगसाठी पहिल्या पेटीतला महाग आंबा वापरू नये, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. तो नुसताच खावा. मेअखेरीस उतरलेला, किंचित सुरकुतलेला हापूस किंवा केसर गरासाठी अधिक गोड पडतो. पायरी चवीला उत्तम, पण पातळ रसाची असल्याने थर सैल बसतो. रायवळ आंब्याच्या दशा गाळणीतून काढाव्या लागतात.

कृती. पंधरा माणसांसाठी दीड लिटर म्हशीचे दूध, नऊ-दहा मोठे चमचे कस्टर्ड पावडर, पाऊण वाटी साखर, मारी बिस्किटांचे दोन मोठे पुडे आणि पाच-सहा आंब्यांचा गर पुरतो. नुसते वाटीत घालून प्यायच्या कस्टर्डपेक्षा पुडिंगचे कस्टर्ड दाट हवे, म्हणून पावडर जास्त. ती वाटीभर थंड दुधात आधी कालवून घेतात. गरम दुधात कोरडी टाकली की गुठळ्या होतात आणि त्या मग कशानेही मोडत नाहीत. मिश्रण उकळत्या दुधात धारेने सोडून, सतत ढवळत, बुडबुडे येऊ लागल्यावरही दोन मिनिटे शिजवावे. मक्याचा स्टार्च पुरता फुलला नाही तर कच्चट वास राहतो. चव पाहिलेला उष्टा चमचा पुन्हा पातेल्यात घालू नये. लाळेतला अमायलेज स्टार्च तोडतो आणि दाट झालेले कस्टर्ड तासाभरात पाणी सोडते. आजीच्या सोवळ्यामागे हे रसायनशास्त्र होते असे नव्हे, पण नियम उपयोगी पडतो खरा.

पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून कस्टर्ड निववतात. गरम पातेले तसेच फ्रीजमध्ये ठेवल्यास आतले बाकीचे अन्न तापते. साय धरू नये म्हणून कस्टर्डला चिकटेल असा प्लॅस्टिकचा कागद वर अंथरतात. आंब्याचा गर कस्टर्डमध्ये मिसळायचाच असेल तर ते पूर्ण थंड झाल्यावर. गरम दुधात आंबट गर पडला की दूध फाटते. वरून क्रीम घालणारे पुष्कळ. मात्र बाजारातल्या साध्या ‘फ्रेश क्रीम’मध्ये स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तीस टक्क्यांखालची साय कितीही फेटली तरी उभी राहत नाही. ती कस्टर्डमध्येच मिसळून टाकावी.

काचेच्या पसरट भांड्यात तळाला बिस्किटे, त्यावर कस्टर्ड, पुन्हा बिस्किटे, पुन्हा कस्टर्ड असे थर देतात. मारी दुधात बुडवून लगेच उचलायची. पार्ले-जी तर बुडवूच नये, नुसता दुधाचा हात लावावा. नाहीतर ते चहाच्या कपातल्यासारखे तळाशी जाऊन बसते. रात्रभरात कस्टर्डमधला ओलावा बिस्किटांत उतरतो, बिस्किटे केकसारखी मऊ होतात आणि कस्टर्ड तेवढेच घट्ट होते. दोन तासांत बाहेर काढलेले पुडिंग म्हणून फसते : बिस्किट कडक, कस्टर्ड वाहते.

वरचा आंब्याचा थर सुरीने कापता यावा यासाठी त्यात चायनाग्रास घालतात. पाकिटावर कृती असतेच, पण तिथे न लिहिलेली गोष्ट तापमानाची. समुद्रशेवाळापासून काढलेले चायनाग्रास पाण्यात उकळून विरघळवावे लागते आणि ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान ते गोठते. फ्रीजमधून काढलेल्या गार गरात ते ओतले तर क्षणात तंतू होतात. गर खोलीच्या तापमानाचा, शक्यतो कोमट असावा. मिसळून लगेच ओतावा. एकदा गोठलेले चायनाग्रास ८५ अंशांच्या आसपास तापेपर्यंत वितळत नाही. जिलेटीन तिशीच्या थोडे पुढेच वितळते. भिवंडीच्या मे महिन्यात, भांडे टेबलावर ठेवून सगळ्यांची वाट पाहणे चालू असताना, हा फरक डोळ्यांना दिसतो.

जिलेटीन नको म्हणायला दुसरेही कारण आहे. ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून निघते. कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी विणकर, तेलुगू पद्मशाली, आगरी, गुजराती-मारवाडी व्यापारी असे सारे राहत असलेल्या शहरात शेजारी भांडे पाठवायचे तर एकाला ते हलाल आहे का याची शंका, दुसऱ्याला ते शाकाहारी नाही याची खात्री. चायनाग्रास दोघांनाही चालते. हिरव्या ठिपक्याच्या जेली पावडरीत बहुधा कॅरागीनन असते, तेही समुद्रशेवाळाचेच. ३ मे २०२२ रोजी रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आल्या होत्या. पुष्कळ मराठी घरांत आंबा खायला सुरुवात होते ती अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी शिरखुर्मा आणि आमरस यांच्या जोडीला दोन्हीकडे चालेल असा पदार्थ हाच.

प्रकार. गोव्यात याच जातीचे पोर्तुगीज वळणाचे ‘सेर्राद्युरा’ करतात : फेटलेली साय, कंडेन्स्ड मिल्क आणि मारीचा बारीक चुरा. त्यात शिजवणे अजिबात नाही. इटलीचे तिरामिसू कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचे. आपल्याकडे त्याचे चॉकलेट-बिस्किटांचे सोपे रूप रूढ आहे. ईदच्या टेबलावरचे लब-ए-शिरीं कस्टर्ड, शेवया, जेली आणि फळांचे असते, पण ते ढवळून एकजीव करतात, त्यामुळे या नोंदीत बसत नाही. अननसाचे पुडिंग जिलेटीनने करायचे असेल तर फळ आधी शिजवावे. कच्च्या अननसातले ब्रोमेलेन जिलेटीन गोठूच देत नाही.

साठवण. फ्रीजमध्ये, पाच अंशांखाली, दोन दिवस. मे महिन्याच्या दुपारी बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. दुधाचा पदार्थ आहे. उरलेले पुडिंग फ्रीझरमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी वितळवून खाण्याचा बेत करू नये, कारण गोठून वितळलेला मक्याचा स्टार्च पाणी सोडतो. कुल्फीच्या साच्यात भरून गोठवावे आणि गोठलेलेच मुलांच्या हातात द्यावे.