जालन्याच्या किराणा दुकानातले परदेश

१/८
परका देश पाहायला गेलेला प्रवासी आधी संग्रहालये आणि किल्ले गाठतो. पण तेथील माणसे रोज काय खातात, हे कळते ते कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात. तीच दृष्टी घेऊन आज जालन्यातील एका किराणा दुकानात शिरू. उद्या आषाढी एकादशी आहे आणि यादी छोटी आहे : साबुदाण्याच्या खिचडीचे सामान.

२/८
जालना ही जुनी, संपन्न पेठ. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्याच वैभवाची खूण. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील ही पेठ लुटली, हे आपण वाचलेले असते. फळीवरच्या डब्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

३/८
पहिला डबा साबुदाण्याचा. ‘साबू’ हा शब्द मलय भाषेतील ‘सागू’चा वंशज. आग्नेय आशियात सागू नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यातून हे पीठ काढतात. आपला साबुदाणा मात्र टॅपिओकाच्या कंदापासून होतो, प्रामुख्याने तमिळनाडूतील सेलम परिसरात. आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. नाव एका खंडाचे, वस्तू दुसऱ्या खंडाची!

४/८
दुसरा डबा शेंगदाण्यांचा. हेही पीक दक्षिण अमेरिकेचे. पण जमिनीखाली शेंगा धरणाऱ्या या पाहुण्याला मराठी माणसाने घरचेच नाव दिले : भुईमूग, म्हणजे भुईतला मूग.

५/८
मिरचीचेही तसेच. ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा यायचा तो मुख्यतः मिरीमुळे. नव्या फळाने मिरीचे काम घेतले आणि नावही तिच्याच कुळातले घेतले.

६/८
बटाटा शेजारच्या भाजीच्या गाड्यावर मिळेल. त्याचे पीक अँडीज पर्वतरांगांतले, शब्द पोर्तुगीज. आणि पोर्तुगिजांनी तो उचलला कॅरिबियन बेटांवरील रताळ्याच्या नावावरून.

७/८
आता उपवासाचा नियम आठवा : धान्ये आणि डाळी वर्ज्य, कंदमुळे चालतात. समुद्रापलीकडून आलेले कंद या चौकटीत सहज बसले. परिणामी, आपण सर्वांत सोवळे मानतो ते ताट जवळजवळ पूर्णपणे परदेशी निघते. कोणत्याही राजाने त्यासाठी फर्मान काढले नव्हते. हा बदल घडवला चुलीपाशी बसलेल्या, इतिहासात नाव नसलेल्या स्त्रियांनी.

८/८
मग अस्सल आपले काय? ज्वारीची भाकरी म्हणाल, तर ज्वारी काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. तूर मात्र भारतातच प्रथम लागवडीखाली आली. या दुकानातली ती खरी भूमिकन्या. आणि एकादशीच्या ताटात नेमकी तिलाच जागा नाही.