जपानांतील हिमभूमि आणि स्कीचा खेळ

अक्षांशांच्या हिशेबानें पाहूं गेल्यास जपानांतील ताकादा हें गांव भूमध्य समुद्रांतील सिसिली बेटाच्या ओळींत येतें. सिसिलींत संत्रीं आणि लिंबें पिकतात; ताकादांत २६ फेब्रुवारी १९४५ रोजीं जमिनीवर सांचलेला बर्फ मोजला तो ३७७ सेंटिमीटर, म्हणजे बारा फुटांहून अधिक भरला. याचें कारण वाऱ्यांत आहे. हिवाळ्यांत सैबेरियाकडून निघणारे कोरडे व थंड वारे जपानच्या समुद्रावरून येतांना त्याची वाफ उचलतात आणि होन्शू बेटाच्या मधोमध उभ्या असलेल्या पर्वतरांगेवर आदळून सारी ओल पश्चिमेच्या उतारावर टाकून देतात. सह्याद्रि नैर्ऋत्येच्या पावसाचें जें करतो तेंच हे पर्वत बर्फाचें करतात, आणि घाटावरच्याप्रमाणें पलीकडच्या टोकियोंत त्याच दिवशीं स्वच्छ कोरडें ऊन असतें.

या भूगोलानें जपानच्या समाजाचे दोन भाग केले आहेत, आणि त्यांतील एकाचें दुःख दुसऱ्यास फार उशिरां कळलें. एचिगो, म्हणजे आजचा निइगाता प्रांत, येथील सुझुकी बोकुशी या कापडाच्या व्यापाऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या मुलखावर ‘होकुएत्सु सेप्पु’ नांवाचा सचित्र ग्रंथ लिहिला. तो छापून घेण्यासाठीं राजधानींतील ग्रंथकारांच्या पायऱ्या झिजविण्यांत त्याचीं कित्येक वर्षें गेलीं आणि १८३७ सालीं तो एकदांचा बाहेर आला. त्यांतील मुख्य गाऱ्हाणें असें, कीं शहरांतील लोकांस चार बोटें बर्फ पडला म्हणजे काव्य सुचतें, मद्याचे पेले भरले जातात; एचिगोच्या माणसास मात्र त्याच बर्फाखालून आपलें छप्पर, आपली वाट व पुष्कळदां आपलीं माणसें उकरून काढावीं लागतात. बोकुशी बर्फाचे उपकारहि विसरला नाहीं. तो ज्या तलम ‘चिजिमी’ कापडाचा व्यापार करी तें बर्फावर पसरून शुभ्र करण्याची रीत अद्यापि तेथें चालू आहे. तरी एकंदर हिशेब तोट्याचाच. शेतें चार-पांच महिने गाडलेलीं असावयाचीं, आणि घरचे कर्ते पुरुष मजुरीसाठीं किंवा तांदळाचें मद्य करण्याच्या कामासाठीं परमुलखांत गेलेले असावयाचे.

आम्ही त्या भागांत फेब्रुवारींत हिंडलों तेव्हां ताकादांतील जुन्या पेठेंत एक गोष्ट आम्हांस फार आवडली. रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक घरानें आपल्या दारापुढें पडवी काढलेली आहे, आणि या साऱ्या पडव्या एकमेकींस जोडून लांबच लांब झांकलेली वाट झाली आहे. तिला ‘गांगी’ म्हणतात. रस्ता बर्फानें बुजला तरी माणसानें तिच्याखालून कोरड्या पायांनीं बाजारांत जावें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं पडवीखालची जमीन सरकारी नव्हे. ती ज्याच्या त्याच्या मालकीची असते, आणि तरीहि तिच्यावरून कोणींहि चालावें असा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकेत आहे.

याच ताकादांत जपानी स्कीच्या खेळाचा जन्म झाला. पण त्याच्या आधींची एक भयंकर गोष्ट सांगितलीच पाहिजे. रशियाशीं युद्ध झालें आणि किनाऱ्याचा रस्ता शत्रूच्या आरमारानें तोडला तर हिवाळ्यांत डोंगरांतून फौज नेतां येईल काय, याची परीक्षा पाहण्यासाठीं २३ जानेवारी १९०२ रोजीं आओमोरीच्या पलटणींतील २१० माणसें हाक्कोदा पर्वताकडे निघालीं. मुक्काम जेमतेम वीस किलोमीटरांवर होता. वाटेंत हिमवादळानें गांठलें, वाट चुकली, आणि पुढील कांहीं दिवसांत १९९ माणसें मेलीं, अकराच वांचलीं. ती थंडी किती विलक्षण होती याचा अंदाज यावरून करावा, कीं २५ जानेवारीस होक्काइदो बेटावरील आसाहिकावा येथें उणें ४१ अंश तपमानाची नोंद झाली व अधिकृत नोंदींत जपानचा तो नीचांक आजहि टिकून आहे. छातीपर्यंत बर्फांत रुतून उभा असलेला गोतो नांवाचा नाईक शोधपथकास दिसला, म्हणून मागें काय घडलें तें जगास कळलें. हिरोसाकीची दुसरी एक लहान तुकडी त्याच दिवसांत त्याच डोंगरांतून सुखरूप पार झाली. गांवोगांवचे वाटाडे बरोबर घेण्याची खबरदारी तिनें घेतली होती.

हाक्कोदाच्या आपत्तीमुळें जपाननें स्की आणविल्या, असें लोक सर्रास सांगतात. आम्हांस ही सांगड फार सोपी वाटते. दोहोंच्या मध्यें नऊ वर्षें गेलीं, आणि तेवढ्यांत रशियाशीं युद्ध होऊन जपान जिंकलाहि होता. त्या विजयाचें रहस्य शिकावें म्हणूनच तर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यानें १९१० सालीं मेजर थिओडोर फॉन लेर्ख यास जपानांत धाडलें. शिकावयास आलेल्या पाहुण्यास शिकविण्याचें काम मिळालें, हा योगायोगच होय. लेर्ख हा आल्प्सच्या उतारांवर मथियास झ्दार्स्की याच्या पद्धतीनें स्की शिकलेला. ही पद्धत एकाच लांब काठीची. दोन काठ्यांची रीत मागाहून रुळली. ताकादाच्या तेराव्या डिव्हिजनचा सेनापति नागाओका गाइशी यानें त्याचा गुण ओळखला. हा गृहस्थ आपल्या अवाढव्य मिशांसाठीं जितका प्रसिद्ध तितकाच नव्या गोष्टींच्या नादासाठींहि. पुढें विमानविद्येचाहि त्यानें असाच हिरीरीनें पुरस्कार केला. १२ जानेवारी १९११ रोजीं ५८ व्या पलटणींतील निवडक अधिकाऱ्यांनीं पायांस स्की बांधल्या, आणि जवळच्या कानाया नांवाच्या टेकडीवर पडत-झडत शिक्षण सुरू झालें. जपानांत तो दिवस स्कीचा दिवस म्हणून आजहि मानतात, आणि टेकडीवर हातीं एकच काठी घेतलेला लेर्खचा पुतळा उभा आहे.

नागाओकाची खरी दूरदृष्टि आम्हांस पुढच्या पावलांत दिसते. ही विद्या छावणीच्या कुंपणांत न कोंडतां त्यानें नागरिकांसहि ती शिकण्यास उत्तेजन दिलें. लेर्ख १९१२ सालीं होक्काइदोंत आसाहिकावास गेला व त्याच वर्षीं जपान सोडून गेला. १९२५ सालीं लष्कराच्या काटकसरींत ती तेरावी डिव्हिजनच मोडली गेली. खेळ मात्र राहिला. आपल्या मराठींत या खेळास नांव नाहीं याचें कोणीं वाईट वाटून घेऊं नये. जपान्यांनीं देखील परका शब्दच घेऊन त्याचें ‘सुकी’ केलें. १९३० सालीं आर्लबेर्गचा प्रख्यात गुरु हान्नेस श्नायडर जपानांत येऊन गेला.

ऑलिंपिकचा इतिहास येथें थोडक्यांत पुरे. सापोरोस १९४० चे हिवाळी सामने मिळाले होते, पण चीनवरील स्वारीमुळें जपाननें ते १९३८ सालीं परत केले. १९५६ सालीं चिहारु इगाया यानें कोर्तिनास रुप्याचें पदक मिळविलें, व १९७२ सालीं सापोरोसच ७० मीटरच्या उडींतील तिन्ही पदकें जपान्यांनीं पटकाविलीं.

खरा फरक पडला तो आगगाडीनें आणि पाळण्यांनीं. १९३१ सालीं शिमिझूचा सुमारें पावणेदहा किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला आणि टोकियोची माणसें थेट हिमभूमींत येऊं लागलीं. यासुनारी कावाबातानें आपली हिमभूमीची कादंबरी युझावा येथें राहून लिहिली ती याच बोगद्याच्या पलीकडे. महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या करमणुकीसाठीं शिगा पठारावर माणसें वर नेणारे पाळणे बसले, आणि चढण्याचे कष्ट संपतांच खेळास यात्रेचें रूप आलें. १९८२ सालीं निइगाताची वेगवान आगगाडी निघाली. १९९० सालीं तर युझावास स्कीच्या उतारालाच चिकटून स्टेशन बांधलें. १९९३ च्या सुमारास वर्षाकाठीं स्की खेळणारांची संख्या जवळजवळ एक कोटी ऐंशी लाखांवर गेली होती.

मग पैशाचा फुगा फुटला. युझावा हें सुमारें आठ हजार वस्तीचें गांव. त्यांत शहरी लोकांसाठीं उंच इमारती उठवून सुमारें पंधरा हजार घरें बांधलीं होतीं. त्यांतील पुष्कळशीं पुढें नाममात्र किंमतीसहि खपेनात, कारण दरमहाचा देखभालीचा खर्च घेणाराच्या गळ्यांत पडतो. खेळणारे निम्म्याहूनहि कमी झाले. बोकुशीनें तक्रार केली होती ती शहरी माणूस बर्फाकडे लांबून कौतुकानें पाहतो म्हणून. येथें तो जवळ आला, जमीन घेतली, आणि निघून गेला. कोणती अवस्था वाईट हें बोकुशीलाच विचारलें पाहिजे!

नोझावा ओन्सेन या गांवाची तऱ्हा निराळी, आणि त्याच्याचसाठीं आम्ही इतका फेरा घेतला होता. इइयामा स्टेशनावरून मोटारीनें अर्ध्या तासाच्या आंत हें गांव येतें. मागें केनाशी पर्वत, अंगाखालीं गरम पाण्याचे झरे. गांवकऱ्यांनीं १९२३ सालींच आपलें स्की-मंडळ काढलें. उतार आंखले, झाडें तोडलीं, पुढें पाळणे बसविले, तेंहि त्यांनींच. आणि १९६३ सालीं मंडळानें हा सारा कारभार गांवाच्या स्वाधीन केला. त्याहून जुनी संस्था ‘नोझावा-गुमी’. रान आणि झरे तिच्या ताब्यांत असून तेरा सार्वजनिक स्नानगृहें आळीआळीचे लोक आळीपाळीनें झाडून-धुऊन चालवितात. स्नानास पैसे मागावयास कोणी बसलेला नाहीं. दाराशीं एक पेटी आहे, इच्छेस येईल तें टाकावें. गांगीच्या पडव्यांची आठवण आम्हांस तेथें झाली. ज्या गांवास झरे सामाईक राखण्याची संवय होती त्याला बर्फहि सामाईक राखणें जड गेलें नाहीं. हें आमचें अनुमान आहे, पण युझावाचा इतिहास शेजारीं ठेवून पाहतां तें डळमळत नाहीं.

गांवावर संकट येणारच नाहीं असें मात्र नव्हे. होक्काइदोंतील निसेकोमध्यें परदेशी भांडवलानें जमिनींचे भाव कोठच्या कोठें नेले, आणि तसलेच परदेशी पाहुणे आतां नोझावाच्या अरुंद गल्ल्यांतूनहि खांद्यावर पट्ट्या टाकून हिंडतांना दिसतात. त्यांच्याकडून चार पैसे मिळाल्यानें तरुण मुलें गांवीं राहतात, आणि त्यांच्याचमुळें घरांस भाव येतो. गांवकरी दोन्ही जाणून आहेत.

संध्याकाळीं आम्ही ‘ओगामा’पाशीं गेलों. हें उकळत्या पाण्याचें कुंड. तेथें गांवच्या बाया नोझावानाची भाजी व अंडीं पाण्यांत सोडून शिजवितात. बाहेरच्या माणसास आंत पाऊल टाकण्याची मनाई आहे. वाफेंतून एक म्हातारी टोपली उचलून घेऊन गेली. आम्हीं कठड्याबाहेरून पाहिलें आणि स्नानास गेलों.