गायकाची बिदागी : दरबारापासून स्ट्रीमिंगपर्यंत

आपल्याकडे संगीताचा इतिहास लिहिणारे घराणी, गुरुपरंपरा आणि गायकीचे विशेष यांचा परामर्श मोठ्या आस्थेने घेतात. परंतु गायकाच्या घरची चूल कशी पेटत होती, या प्रश्नाच्या वाट्याला त्या इतिहासात क्वचितच एखादे वाक्य येते. वस्तुतः हा प्रश्न कलेच्या बाहेरचा नव्हे. कोणते गाणे टिकले, ते किती वेळ गाइले गेले आणि कोणासमोर गाइले गेले, या सर्वांवर पैसे देणाऱ्याच्या हाताचा ठसा उमटलेला असतो. आज गाणे आंतरजालावरून, स्ट्रीमिंगच्या मार्गाने, घरोघर पोहोचते. आणि कोणत्याही कंपनीच्या अथवा चित्रपटाच्या आश्रयाला नसलेल्या स्वतंत्र गायकाने जगावे कसे, असे विचारले जाते. प्रश्न नवा भासतो. परंतु गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत आपल्या गायकांनी तो निदान तीन वेळा सोडविलेला आहे, आणि त्या सोडवणुकीत आजच्या उत्तराची दिशा दडलेली आहे.

आरंभ बडोद्यापासून करणे उचित होईल. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत (१८७५–१९३९) दरबारचे गायक-वादक ‘कलावंत कारखाना’ या खात्याकडे असत. त्यांना दरमहा वेतन मिळे आणि खात्याचे नियमही पाळावे लागत. १८८६ साली मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली, आणि गायकाला गाण्याबरोबर शिकविण्याचेही वेतन मिळू लागले. या आश्रयात स्थैर्य होते, पण हक्क नव्हता. धन्याची मर्जी हाच त्याचा पाया होता. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो पायाच नाहीसा झाला. दुसऱ्याच वर्षी उस्ताद फैयाजखाँ निवर्तले. दरबारचे वेतन, ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी हे तिन्ही आश्रय या एका गायकाने आपल्या आयुष्यात पाहिले होते.

संस्थाने जाण्यापूर्वीच काही दूरदर्शी मंडळींनी राजाऐवजी समाजाकडे तोंड वळविले होते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १८९६ च्या सुमारास मिरज सोडली, गावोगाव जाहीर जलसे केले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तिकिटे, शिष्यांची फी, देणग्या आणि छापील स्वरलिपीची पुस्तके अशा अनेक झऱ्यांनी त्या संस्थेचे पाणी भरत असे. हा मार्ग सुखाचा नव्हता. मुंबईच्या विद्यालयाची वास्तू पुढे कर्जापायी गेली. तरीही गायक एका माणसाच्या मर्जीवाचून उभा राहू शकतो, हे प्रथमच सिद्ध झाले, आणि तेही एका खांबावर नव्हे, तर चार-पाच लहान खांबांवर.

याच सुमारास यंत्र आले. १९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास उतरले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवावा लागे. तेव्हा विलंबित आलापी आखडली आणि चटकदार चीज पुढे आली. गायकाला बहुधा ठोक रक्कम मिळे. तबकडीची मालकी कंपनीची. कीर्ती मात्र गावोगाव जाई, आणि कीर्तीमुळे मैफलीची बिदागी वाढे. म्हणजे ध्वनिमुद्रिका गायकाचे पोट थेट भरीत नसे. ती मैफलीची दवंडी पिटीत असे. गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीची एक ध्वनिमुद्रिका १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानातून अंतराळात गेली. तिच्याइतका दूरचा प्रवास आपल्या दुसऱ्या कोणत्याही गायिकेच्या स्वराला घडलेला नाही. परंतु त्यांची उपजीविका चालली ती मैफलीच्या बिदागीवर. आवाज किती दूर जातो आणि घरी किती येते, हे दोन हिशेब वेगळे आहेत, हे ध्यानी घ्यावयास हवे.

१९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले आणि हळूहळू सरकार हेच गायकांचे मोठे आश्रयदाते बनले. १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणी खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाळकृष्ण केसकरांनी शास्त्रीय संगीताला त्यात मानाचे स्थान दिले. मानधन बेताचे होते, पण ठरलेले होते. मात्र ध्वनिमुद्रणावरील गायकाच्या हक्काचा प्रश्न तसाच राहिला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात गाणाऱ्याला स्वतंत्र हक्क नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. त्यापूर्वीच, १९६० नंतरच्या दशकात, इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांनी गायकाला स्वामित्वधन मिळावे असा आग्रह धरला, आणि त्यावरून महंमद रफींशी मतभेद होऊन काही वर्षे दोघांची युगुलगीते थांबली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याच्या बाजूने कौल दिला. गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा कायद्याने सुरक्षित झाला तो २०१२ च्या दुरुस्तीने. यंत्र आधी येते, हक्क पुष्कळ उशिरा आणि मागणी केल्यावरच येतो, हा या शतकाचा इत्यर्थ होय.

आता स्ट्रीमिंगकडे वळू. ‘स्पॉटिफाय’ ही स्वीडनमधील सेवा २००८ साली सुरू झाली आणि २०१९ साली भारतात आली. अशा सेवांत बहुधा सर्वांची वर्गणी व जाहिरातींचे उत्पन्न एका हौदात जमते. सेवेचा वाटा वजा करून उरलेली रक्कम एकूण श्रवणांच्या प्रमाणात हक्कदारांत वाटली जाते. एक सोपे उदाहरण घेऊ. दोन श्रोत्यांनी प्रत्येकी १०० रुपये भरले. पहिल्याने एका खयालगायकाचे गाणे १० वेळा ऐकले, दुसऱ्याने चित्रपटगीते ९० वेळा लावली. सेवेचा वाटा तूर्त बाजूस ठेवला, तरी २०० रुपयांपैकी खयालगायकाच्या वाट्याला २० रुपयेच येतात; त्याच्या एकनिष्ठ श्रोत्याचे उरलेले ८० रुपये, त्या श्रोत्याने कधी न ऐकलेल्या गीतांकडे जातात. त्यात तीस सेकंद वाजले की एक श्रवण मोजले जाते. चाळीस मिनिटांचा बडा खयाल एक, आणि तीन मिनिटांचे गीतही एकच. १९०२ च्या तबकडीने रागाची लांबी कापली. आजची मोजणी लांबीला किंमतच देत नाही. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या मुद्रणाची मागील बारा महिन्यांत हजार श्रवणे झाली नसतील, त्याला ध्वनिमुद्रणाचे स्वामित्वधन मिळत नाही. जिल्ह्याच्या गावी राहून निष्ठेने गाणाऱ्या कलावंताला हा नियम किती जाचक, हे सांगणे नलगे.

परंतु याच काळाने एक मोठी सोयही दिली आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. पूर्वी मुद्रणाचे सामान कंपनीकडेच असे, म्हणून निर्माताही तीच. आज गायक स्वखर्चाने, स्वतःच्या खोलीत चांगले मुद्रण करू शकतो. तसे केले तर मालकी त्याची. पारंपरिक बंदिशींवर रचनेचा हक्क कोणाचा नसतो, तेव्हा खयालगायकाची सारी मिळकत या मुद्रणाच्या मालकीत आणि प्रत्यक्ष गाण्यातच आहे. ठोक रकमेसाठी ती मालकी कायमची लिहून देणे म्हणजे शेत विकून एका हंगामाचे धान्य घरात आणणे होय. जो स्वतः नवीन चाली बांधतो, त्याने रचनाकार म्हणूनही नोंदणी करावी. संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करणारी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ १९६९ पासून आहे.

दुसरे, श्रोत्याचा पैसा थेट गायकाकडे नेणारे मार्गही आहेत. २००८ साली निघालेल्या ‘बँडकॅम्प’वर श्रोता गाणे विकत घेतो आणि सेवा साधारणतः १५ टक्के ठेवते. २०१३ साली जॅक कॉन्टी या संगीतकाराने एका सहकाऱ्यासह काढलेल्या ‘पॅट्रिऑन’वर श्रोते दरमहा लहान वर्गणी देतात. ‘साउंडक्लाउड’ने २०२१ पासून स्वतंत्र कलावंतांसाठी श्रोत्याची रक्कम त्याने ऐकलेल्यांनाच वाटण्याची पद्धत अवलंबिली. हे सारे नाव बदललेले वर्षासनच नव्हे काय? फरक इतकाच, की एका राजाच्या जागी शंभर-दोनशे सामान्य माणसे आली आहेत. त्यांपैकी दोन-चारांची मर्जी फिरली, तरी चूल विझत नाही.

तेव्हा स्ट्रीमिंगला दवंडी मानावे, पगार मानू नये. मैफल, शिकवणी, वर्गणीदार श्रोते आणि मुद्रणाची मालकी या चार खांबांवर घर उभारावे. आज दूरच्या देशांतील मराठी कुटुंबांतील मुलांनाही पडद्यावरून शिकविता येते, ही मौलाबक्षांच्या काळी कल्पनेतही नसलेली गोष्ट आहे.

यात आपणा शिक्षकांवर व अकादमीच्या सभासदांवरही एक भार येतो. संमेलनात, शाळेच्या उत्सवात, जयंती-पुण्यतिथीस आपण स्थानिक गायकाला बोलावतो आणि श्रीफळ व शाल देऊन त्याची बोळवण करतो. दरबारानेसुद्धा असे केले नव्हते. तेथे वेतनपट होता. निमंत्रणपत्रिकेबरोबरच बिदागीचा आकडा ठरवावा, मुद्रण केल्यास ते कोणाच्या मालकीचे हे लेखी नमूद करावे, आणि सभासदांपैकी दहा जणांनी आपल्या गावच्या एका गायकाची मासिक वर्गणी सुरू करावी. संस्थानिकांच्या गुणग्राहकतेच्या कथा आपण विद्यार्थ्यांना कौतुकाने सांगतो. त्या गुणग्राहकतेचा खर्च आता आपल्याच वाट्याला आला आहे.