एकोणीसशें मैलांची सायकल-सफर

सायकल ही वस्तु आज इतकी घरगुती झाली आहे कीं, एके काळीं सेनापतींची दृष्टि तिच्यावर लागली होती आणि घोड्याची जागा ती घेईल अशा हिशेबानें बेत रचले जात होते, हें सांगून सहसा कोणास खरें वाटणार नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत परिस्थिति तशी होती खरी. १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेले रबरी टायर काढले, दोन्ही चाकें सारख्या मापाचीं झालीं, आणि पाहतां पाहतां युरोप-अमेरिकेंत सायकलीचें वेड पसरलें. अमेरिकेच्या सैन्याचा प्रमुख जनरल नेल्सन माइल्स हाहि त्या वेडाला अपवाद नव्हता. घोड्याला दाणा लागतो, पाणी लागतें, विश्रांति लागते. तो नेमका नको त्या वेळीं खिंकाळतो आणि धुरळा उडवून शत्रूला बातमी देतो. सायकलीचें तसें कांहींच नाहीं, असा हा युक्तिवाद होता.

त्यांत एकच गोष्ट मोजावयाची राहिली. घोडा आपल्या पायांनीं चालतो. सायकल चालते ती माणसाच्या पायांनीं. घोड्याचें जें दाणा-पाणी वाचलें, तें माणसाच्या घामांतून फेडावें लागणार होतें. तें किती, हें पाहण्याचा प्रयोग १८९७ च्या उन्हाळ्यांत झाला, आणि तो ज्यांच्यावर झाला ते वीस शिपाई कृष्णवर्णी होते.

त्या काळीं अमेरिकेच्या सैन्यांत कृष्णवर्णी शिपायांच्या पलटणी निराळ्या असत व त्यांवरील अधिकारी बहुधा गोरे असत. मोंटाना संस्थानांत फोर्ट मिझूला येथें पंचविसावी पायदळ पलटण होती. तिच्यांतील लेफ्टनंट जेम्स मॉस हा लुइझियानाकडचा पंचवीस वर्षांचा तरुण. लष्करी विद्यालयांत १८९४ च्या वर्गांत त्याचा नंबर शेवटून पहिला आला होता. परंतु शेवटच्या नंबराचीं मुलें पुढें काय करतील याचा भरंवसा कोणीं द्यावा? १८९६ सालीं त्यानें आठ शिपायांचें सायकल-पथक उभें केलें, त्यांना एका सरोवरापर्यंत नेऊन आणलें, आणि नंतर यलोस्टोनच्या रानापर्यंत जाऊन येऊन सुमारें ८०० मैलांचा प्रवास केला. एवढ्यावर त्याचें समाधान झालें नाहीं. पुढच्या वर्षीं त्यानें मिझूलाहून मिसिसिपीच्या कांठच्या सेंट लुइस शहरापर्यंत जाण्याची परवानगी मिळविली. हें अंतर १,९०० मैल, म्हणजे सुमारें तीन हजार किलोमीटर. मुंबईहून दिल्लीस जाऊन परत यावें, त्याहून थोडें अधिकच.

१४ जून १८९७ रोजीं पथक निघालें. वीस शिपाई, मॉस, जेम्स केनेडी नांवाचा लष्करी डॉक्टर, आणि मिझूलाच्या वर्तमानपत्राचा एडवर्ड बूस हा एकोणीस वर्षांचा बातमीदार. शिपायांचा म्होरक्या सार्जंट मिंगो सँडर्स हा होता. हा साउथ कॅरोलिनाचा रहिवासी १८८१ सालीं सैन्यांत दाखल झाला होता. वय चाळिशीच्या घरांत, आणि एका स्फोटामुळें एका डोळ्याची दृष्टि अधू झालेली. जॉन फिंडली नांवाच्या शिपायानें शिकागोच्या सायकल-कारखान्यांत काम केलें होतें. दुरुस्तीचें सारें काम त्याच्या हातीं होतें.

सायकलीचें वजन सुमारें ३२ पौंड; परंतु कांबळें, तंबूचा अर्धा भाग, भांडीं आणि शिधा लादल्यावर तें ५९ पौंडांच्या आसपास जाई. शिवाय पाठीवर बंदूक आणि कंबरेला काडतुसें. शिध्याची योजना अशी कीं, दर शंभर मैलांवर पुढील दोन दिवसांचें अन्न आधींच पाठवून ठेवावयाचें. कागदावर ही योजना उत्तम. प्रत्यक्षांत तिचा अर्थ असा होई कीं, दिवसाला पन्नास मैल तोडलेच पाहिजेत; ते न तोडले तर उपास. पथकाला हांकणारा खरा चाबूक लेफ्टनंटाच्या हातीं नसून त्या शिध्याच्या पेट्यांत होता.

पहिले दिवस पावसाचे गेले. चिकण मातीचा चिखल चाकांत इतका घट्ट बसे कीं चाक फिरेनासें होई, आणि मग खालीं उतरून तो खरवडून काढावा लागे. रॉकी पर्वताच्या माथ्यावर तर जून महिन्यांत बर्फ लागलें. रस्ता अगदींच नाहींसा झाला म्हणजे पथक आगगाडीच्या रुळांवर चढे व लांकडी स्लीपरांवरून हाडें खिळखिळीं करीत पुढें जाई. हेलेना, बिलिंग्ज, शेरिडन अशीं गांवें मागें पडलीं. या भागाचें वर्णन येथें फार करण्याचें कारण नाहीं. पाऊस आणि चिखल आपल्याकडील कोणाहि खेडुताला नवे नाहींत. खरी परीक्षा पुढें नेब्रास्का संस्थानांत होती.

नेब्रास्काच्या पश्चिम भागांत वाळूच्या टेंकड्या पसरलेल्या आहेत. वर खुरटें गवत, खालीं भुसभुशीत वाळू, आणि मैलोगणती एकहि झाड नाहीं. जुलै महिन्यांत पथक तेथें पोंचलें तेव्हां उष्मा सावलींत ११० अंश, म्हणजे आजच्या सेल्सिअस मापानें ४३ अंश होता. जळगांव-नागपूरच्या लोकांना हा आंकडा पाहून विशेष कांहीं वाटणार नाहीं. परंतु ११० अंश हा सावलींतला, आणि तेथें सावलीच नव्हती.

आतां सायकलस्वाराला उन्हांत एक मोठा आधार असतो, तो वाऱ्याचा. वारा पडलेला असला तरी चाकाच्या गतीनेंच अंगावर झुळूक येते, घाम वाळतो आणि शरीर थंड राहतें. वाळूनें पहिला घाला घातला तो या आधारावर. अरुंद टायर वाळूंत रुतत, स्वाराला उतरावें लागे, आणि मग पंचवीस-सत्तावीस किलोचें तें ओझें हातांनीं ढकलीत चालणें आलें. श्रम वाढले आणि झुळूक गेली. वरून सूर्य, खालून तापलेल्या वाळूची धग, आणि स्वतःच्या स्नायूंनीं उत्पन्न केलेली आंतली उष्णता, अशा तीन आगींच्या मध्यें माणूस सांपडला. अशा कोरड्या हवेंत घाम आला केव्हां आणि वाळला केव्हां हें समजत नाहीं. शरीरांतलें पाणी व मीठ किती गेलें याचा पत्ता लागतो तो भोंवळ आल्यावर.

तहान भागविण्यासाठीं पाणी प्यावें, तर त्या प्रदेशांतलें पुष्कळसें पाणी खारट. त्यांतील क्षारांनीं पोट बिघडे, आणि पोट बिघडलें कीं शरीरांतलें उरलेंसुरलें पाणीहि बाहेर पडे. तहानेवरचा उपायच तहान वाढविणारा ठरला. एकामागून एक शिपाई आजारी पडूं लागले. खुद्द मॉसलाहि तें पाणी भोंवलें. कांहीं दिवस त्याला मागें राहावें लागलें व तेवढ्या काळांत पथकाची सूत्रें डॉक्टर केनेडीकडे आलीं. रोगी तपासावे कीं हुकूम सोडावे, असा पेंच त्या डॉक्टराला पडला असेल तर त्यांत नवल नाहीं. पथकानें शेवटीं रुळांचाच आश्रय घेतला. अशा रीतीनें त्या वाळूंतले सुमारें १७० मैल साडेचार दिवसांत कापले गेले.

वाळू संपली, लिंकन शहर आलें, पुढें मिसूरी नदी आली आणि रस्ते पुन्हा रस्त्यांसारखे झाले. २४ जुलै रोजीं पथक सेंट लुइसला पोंचलें. एकंदर ४१ दिवस लागले. त्यांपैकीं प्रत्यक्ष प्रवासाचे ३४. म्हणजे दिवसाची सरासरी सुमारें ५६ मैल पडली. शहराच्या मोठ्या बागेंत त्यांचा तळ पडला आणि त्यांना पाहण्यासाठीं हजारों लोक लोटले.

मॉसनें वरिष्ठांना कळविलें कीं, पायदळाला जितका वेळ लागता त्याच्या अर्ध्या वेळांत व एक तृतीयांश खर्चांत हा प्रवास झाला. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त तो चाकांचा होता. सँडर्ससारख्या एका डोळ्यानें अधू असलेल्या माणसानें तापल्या वाळूंत बंदुकीसह तें यंत्र ढकललें, तें कोणत्या सदराखालीं लिहावयाचें याची सोय त्या हिशेबांत नव्हती. शिपाई आगगाडीनें मिझूलाला परतले. पुढील वर्षीं आणखी लांबचा प्रवास करण्याची मॉसची विनंति सरकारनें मान्य केली नाहीं, आणि १८९८ सालीं स्पेनशीं युद्ध जुंपल्यावर सायकल-पथकाचें नांवहि मागें पडलें. पलटण क्यूबांत गेली व एल कॅनेच्या लढाईंत लढली. त्या मोहिमेंत थिओडोर रूझवेल्टच्या उपाशी स्वारांना आपल्या कंपनीनें स्वतःच्या शिध्यांतील वांटा दिला, असें सँडर्सनें पुढें सांगितलें आहे.

१९०६ सालीं ऑगस्ट महिन्यांत ही पलटण टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथें असतां, एका रात्रीं शहरांत गोळीबार होऊन एक इसम ठार झाला. शिपायांवर आळ आला. गुन्हेगार कोण हें कोणीं सांगेना, पुरावा कोर्टापुढें आलाच नाहीं, खटलाहि चालला नाहीं. तेव्हां अध्यक्षपदीं तोच रूझवेल्ट होता. त्यानें १६७ शिपायांना एका हुकुमासरशीं, सन्मानाचा दाखला न देतां, सैन्यांतून काढून टाकलें. त्यांत मिंगो सँडर्स होता. त्याची नोकरी पंचवीस वर्षांची झाली होती आणि पेन्शनचा काळ जवळ आला होता. ती पेन्शन गेली. पुन्हा नोकरींत घेण्याविषयीं त्यानें अर्ज केला, तो रूझवेल्टनें नाकारला. सँडर्स १९२९ सालीं वारला.

१९७२ सालीं अमेरिकेच्या सैन्यानें तो हुकूम रद्द केला आणि त्या शिपायांना सन्मानाचे दाखले दिले. बहुतेक दाखले मृतांच्या नांवें निघाले. डॉर्सी विलिस नांवाचा एक वृद्ध हयात होता; त्याला सरकारकडून २५,००० डॉलर मिळाले.