पाटी काढली की दुकान बंद झालं?

मंडळी, सध्या एक फॉरवर्ड फिरतोय : ‘साइट उघडत नसेल तर नावाऐवजी तिचा आयपी नंबर टाका, लगेच उघडते.’ दोघा-तिघांनी विचारलं, खरं का हो? एकेकाळी बरंचसं खरं होतं. आता सहसा नाही. मधे काय घडलं ते सांगतो, पोस्ट जरा लांब आहे.

इंटरनेटला नाव कळत नाही, नंबर कळतो. टपालाच्या पिनकोडसारखंच. हिंगोलीचा ४३१५१३. एकाच नावाची ढीगभर गावं, त्यात पत्त्यांच्या लिपी वेगवेगळ्या, म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिन आला. तो आणणारे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस आणि संस्कृतचे पंडित. (हे आपल्याकडं किती जणांना माहीत आहे?)

टपालात नाव आधी, नंबर नंतर. इंटरनेटवर उलटं. सुरुवातीला सगळ्या संगणकांची नावं आणि नंबर एकाच यादीत असायचे, कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळायचे. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची डीएनएस पद्धत मांडली. आपण नाव टाकतो, कुणीतरी नंबर शोधून देतं. हा ‘कुणीतरी’ म्हणजे बहुतेकदा आपल्याच इंटरनेट कंपनीचा संगणक. त्यानं नंबर सांगितला नाही की आपल्यापुरती साइट गायब. दुकान उघडंच असतं, फक्त पाटी काढलेली. अशा वेळी नंबर पाठ असणारा थेट दारात जायचा.

सरकारनं साइट बंद करणं नवीन नाही. १ मे १९९९ ला आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला. त्याच उन्हाळ्यात कारगिल पेटलं आणि विदेश संचार निगमनं पाकिस्तानच्या ‘डॉन’ दैनिकाची साइट भारतात बंद केली.

पुढं कंपन्यांनी पाटी सोडून दारच बंद करायला सुरुवात केली, म्हणजे नंबरच अडवायचा. २००३ मध्ये मेघालयातल्या ‘किन्हुन’ नावाच्या एका याहू ग्रुपवर बंदी आली आणि देशभरातले सगळेच याहू ग्रुप बंद पडले. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. त्याच आठवड्यात मोजक्या पानांवर बंदीचा आदेश निघाला, कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट बंद केलं. त्यात मराठी ब्लॉगही गेले. आम्ही एवढं सांगितलंच नव्हतं, असं मग दूरसंचार खात्याला सांगावं लागलं.

असं का व्हायचं? एका नंबरामागं हजारो साइट असतात. जुन्या पद्धतीचे नंबर आहेतच सुमारे ४२९ कोटी, ते पुरणार कुठून? एका वाड्यात शंभर बिऱ्हाडं आणि दार एकच. म्हणूनच आज नुसता नंबर टाकला तर आतला संगणक विचारतो, ‘कुणाकडं जायचंय?’ नाव नाही सांगितलं तर परत पाठवतो, नाहीतर ब्राउझर लाल इशारा दाखवतो. आणि हे आत सांगायचं नावही सहसा उघडंच जातं, त्यामुळं कंपनी तिथंही अडवू शकते.

मला खुपतं ते वेगळंच. आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली बंदी घालता येते. काही वेळा ती लागतेही, त्याबद्दल वाद नाही. पण २००९ च्या नियमांमधला १६ वा नियम म्हणतो की तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायची. म्हणजे पाटी कुणी काढली आणि कशासाठी, हे वाचकाला कळायची सोय नाही. त्याला दिसतं एवढंच, की पान उघडत नाही. तो बिचारा रिचार्ज तपासतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये हे कलम वैध ठरवलं. असेल वैध. पण पेपर बंद करायचा तर तहसीलदारालासुद्धा लेखी द्यावं लागेल, मग इथं का नाही?

फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड, छत्रपती संभाजीनगरात इंटरनेटच बंद होतं. तेव्हा नावही चालत नाही, नंबरही नाही. पण निदान बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक तरी असतं.

तर फॉरवर्डवर विसंबू नका. एखादी बातमीची साइट उघडत नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तीच साइट लावून बघा. एकावर उघडते आणि दुसऱ्यावर नाही, असं दिसलं तर दोन्हीचे स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ लिहून मला पाठवा. मी विचारतो.